पुढची सीट

माझ्या सासऱ्यांनी ती गाडी घेतली तेव्हा एअरबॅग म्हणजे काय हे कोल्हारात कुणालाच माहीत नव्हतं. सासऱ्यांनाही नव्हतं. पण माहीत नसलेल्या गोष्टीवर तासभर बोलायची त्यांना जुनी सवय. गावच्या दूध संस्थेचे ते चेअरमन, नाव श्रीमंत, आणि नावाला शोभेल असं काहीतरी दारात उभं पाहिजे म्हणून अठ्ठ्याण्णव साली त्यांनी मुंबईच्या कुणा व्यापाऱ्याने वापरून वापरून कंटाळलेली एक परदेशी गाडी आणली. तिचा एसी चालत नव्हता, मागची एक काच खाली जात नव्हती. पण पुढे फुगा होता.

"हिच्यात फुगा हाय," ओट्यावर माणसं जमली की मामंजी सुरू करायचे. "ठोकली की फुगा भाईर येतो आन् मानसाला अल्लाद धरतो. मानूस मरतच न्हाई."

ऐकणारे माना डोलवायचे. दूध घालायचं ज्याच्या संस्थेत, त्याच्या ओट्यावर माणूस दुसरं काय करणार!

गाडी आली त्याच दिवशी मामंजींनी पुढच्या सीटसमोर पितळेचा खंडोबा बसवून घेतला. घोड्यावर स्वार, हातात उगारलेली तलवार, चांगला वीतभर उंच. गावातल्या सुताराला बोलावून चार स्क्रूंनी पक्का केला. आणि कुठे? तर बरोबर त्या झाकणावर, ज्याच्यामागे तो फुगा घडी करून ठेवलेला होता. झाकणावर इंग्रजीत तसं लिहिलेलं होतं, ती अक्षरं घोड्याच्या पायाखाली गेली. वर, पूजा करून बसवलेला देव आता हलवायचा नाही, असं मामंजींनी जाहीर केलं. देवाला कुणी विचारलं नाही. तो बिचारा घोड्यासकट पिळून बसवला गेला आणि त्याची सेवा घरच्या सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे आली.

आमच्याकडे दर अमावस्येला गाडीची पूजा असते. गाडी धुवायची, चाकापुढे नारळ फोडायचा, लिंबू-मिरची बदलायची, आणि खंडोबाला तेलाचं बोट लावून वर भंडारा वाहायचा. असं वर्षभर केल्यावर हळदीचा थर तेलात मुरून असा घट्ट झाला की चारही स्क्रू त्याच्याखाली गडप झाले. कुठे स्क्रू होते हे फक्त मला माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी, पाऊसकाळ संपता संपता, पुण्याच्या शोरूमचं पत्र आलं. इंग्रजीत होतं म्हणून माझ्यापुढे टाकलं गेलं. मी बी.कॉम. झालेली आहे, हे त्या घरात असं कधीमधीच आठवायचं. पत्रात लिहिलं होतं की या जातीच्या जुन्या गाड्यांमधल्या एअरबॅगमध्ये दोष सापडलाय. बारीकशा धक्क्याने ती उघडू शकते, आणि मोठ्या धक्क्याला उघडणारही नाही. गाडी घेऊन या, फुकट बदलून देतो.

मी मोठ्याने वाचून, मराठीत करून सांगितलं. मामंजी हसले.

"फुकाट कोन काय देतंय? गाडी तिकडं ठिवून घ्यायचा डाव हाय त्यांचा."

मला तेव्हा पाचवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे काष्टीला, आणि काष्टीला मला याच गाडीतून नेणार, तेही पुढच्या सीटवर, हे मामंजींनी अख्ख्या गावाला सांगून ठेवलं होतं. माझं पोट आणि त्या घोड्याची तलवार यांच्यामध्ये हातभर अंतर राहणार होतं. म्हणून मी प्रवीणच्या मागे लागले.

प्रवीण माझा नवरा. दिसायला उंचापुरा, चारचौघांत आवाज चांगला खणखणीत, पण वडील समोर आले की तो आवाज कुठे जातो कोण जाणे. बापाला 'नाही' म्हणण्यापेक्षा तो विहिरीत उडी टाकील. म्हणजे उडीसुद्धा बापाने सांगितली तरच टाकील. तरी मी रोज डोकं खाल्लं म्हणून शेवटी तो भीमाला, आमच्या ड्रायव्हरला घेऊन पुण्याला गेला. त्याच दिवशी परतही आला. गाडीच्या काचेवर शोरूमचं हिरवं स्टिकर होतं, काम झाल्याचं.

"झालं काम," तो म्हणाला. "नवीन बॅग. आता निवांत राहा."

मी निवांत राहिले. मूर्खासारखी देवाला दिवासुद्धा लावला.

मग अमावस्या आली. तेलाची वाटी घेऊन मी पुढच्या सीटवर बसले आणि माझा हात तिथेच थांबला. भंडाऱ्याचा थर जसाच्या तसा होता. कुठे चीर नाही, टवका नाही, स्क्रूवर पेचकस लागल्याची खूण नाही. देव हललाच नव्हता. आणि देव हलल्याशिवाय त्याच्याखालचं झाकण निघत नाही, हे कळायला काही पुण्याला जाऊन शिकावं लागत नाही.

प्रवीण ओसरीवर चहा पीत होता. मी विचारलं, "बॅग बदलली म्हणालात ना? कशी बदलली?"

"कशी म्हंजे? बदलली."

"देव न काढता?"

"अगं, खालून बदलत्यात ती."

"खालून कुठून?"

"तू काय इंजिनियर हायेस का?" असं म्हणून त्याने कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. खोटं बोलून झालं की त्याला लगेच बाहेर काम निघतं.

मी भीमाला गाठलं. तो गोठ्यामागे गाडी पुसत होता. आधी नाही-नाही म्हणाला, मग माझ्या पोटाकडे बघून बोलला.

"वैनी, शोरूमातल्या टायवाल्या सायबानं सांगितलं, आदी मूर्ती काढावी लागंल. आन् नवी बॅगबी आत्ता शिल्लक न्हाई, तीन म्हयन्यानी या. तवर पुढं कुनाला बसवू नका, आसंबी म्हनला. परवीनदादा म्हनले, मूर्तीला हात लावला तर आन्ना मला घरात घ्यायचे न्हाईत, तुमी तेवढं स्टिकर द्या. त्यानं दिलं. त्यालाबी बरंच झालं, त्याच्या हिशेबातली एक गाडी कमी झाली."

म्हणजे एकाला वरच्या साहेबाला दाखवायला काम झालेलं हवं होतं, दुसऱ्याला बापाला दाखवायला. दोघांनी मिळून काचेवर एक कागद चिकटवला आणि माझं लेकरू त्या कागदाच्या भरवशावर सोडून दिलं. मला रडू आलं नाही. किळस आली.

मी मामंजींकडे गेले. सगळं सांगितलं, फक्त भीमाचं नाव घेतलं नाही. त्यांनी मला गाडीपाशी नेलं आणि स्टिकरवर बोट ठेवलं.

"हे काय हाय? शोरूमवाले काय येडे हायेत का? काय रं परवीन, बदलली न्हवं?"

"व्हय आन्ना," प्रवीण म्हणाला. माझ्याकडे न बघता म्हणाला.

सातव्या महिन्यात ओटी भरली आणि दुसऱ्या दिवशी मला न्यायला माझे वडील आले. रंभाजी त्यांचं नाव. काष्टीच्या बाजारात बैलांची दलाली करतात, माणसंही दातावरून ओळखतात म्हणे. पण मुलीच्या सासरी आले की तेही दात मिटून बसतात. अंगणात गाडी धुऊन-पुसून उभी होती, हार घातलेला होता. शेजारपाजारच्या बाया जमल्या होत्या. मामंजींनी पुढचं दार उघडून धरलं. जन्मात त्यांनी कुणा बाईसाठी दार उघडलं नसेल, पण आज बघायला गाव होतं.

"चला सूनबाई. भीमा, पेठंतनं हळू घे. लोकांनी बघितलं पायजे."

"मी मागं बसते," मी म्हटलं.

"मागं? मागं कशापायी?"

"तुम्हाला ठाऊक आहे, मामंजी."

बाया दोन पावलं पुढे सरकल्या. मामंजींचं तोंड उतरलं आणि मग चढलं. माझे वडील जवळ येऊन हळूच म्हणाले, "ज्ञानू, बस की माय. मोठ्या मनानं म्हनत्यात इवाई."

"दादा, तुम्ही मधे पडू नका," मी म्हटलं. आणि मग जे इतके दिवस मनात होतं ते मी अंगणात, सगळ्यांसमोर बोलले. "मी पुढं बसायचं नाही. हे बसतील. ह्यांनीच बॅग बदलून आणली ना? मग ह्यांनी बसावं, तलवारीपुढं. काष्टीपर्यंत. मी मागं बसून बघते."

सगळे प्रवीणकडे बघायला लागले. तो दाराच्या जवळच उभा होता. त्याने सीटकडे बघितलं, खंडोबाकडे बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग गेला. उत्तर मला तेवढ्यातच मिळालं होतं.

"मला... मला संस्थेत काम हाय," तो म्हणाला. "मी मागनं मोटारसायकलीवर येतो."

"आयला, नाटकं!" मामंजी कडाडले. "बसतो मी! आमच्या घरात कोन घाबरत न्हाई."

"मामंजी, बसू नका," मी म्हटलं. माझा त्यांच्यावर राग होता, पण इतका नव्हता. "बॅग बदललेली नाही. विचारा ह्यांना. एकदा तरी विचारा."

मामंजींनी विचारलं नाही. बसता बसता नुसतं लेकाकडे बघितलं. प्रवीण पुढे झाला, बापाच्या धोतराचा सोगा आत घेतला आणि दार लावलं.

"काय न्हाई होत आन्ना. बसा तुमी."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं.

मागे मी, माझे वडील आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, छबूबाई. पेठेतून गाडी हळूहळू नेली, मामंजींनी दोन्ही बाजूंना हात जोडले. निवडणूक जिंकल्यासारखे. प्रवरेच्या पुलावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागलेली होती. भीमाने ब्रेक लावला, गाडी थोडी घसरली आणि पुढच्या बैलगाडीच्या मागच्या दांडीला टेकली. टेकलीच म्हणायची. बैलांनी मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

आणि कानठळ्या बसतील असा आवाज झाला. गाडीभर पांढरी धूळ. मला वाटलं आपण गेलोच. दोन्ही हात पोटावर दाबून मी तशीच बसून राहिले, आत लेकराने लाथ मारली तेव्हा श्वास घेतला. धूळ खाली बसली तर पुढे एक रिकामं पांढरं पोतं लोंबत होतं आणि मामंजी मान टाकून पडले होते. खंडोबा घोड्यासकट त्यांच्या मांडीत होता. मामंजींचा खालचा जबडा भलतीकडे गेलेला, पुढचे दात शर्टावर, आणि गाल कानापर्यंत फाटलेला. भीमाच्या बाजूची बॅग मात्र उघडलीच नव्हती. बारीकशा धक्क्याने उघडू शकते, हे पत्रातलं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं होतं.

आत्याबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी पदर फाडला, पुढे वाकून नवऱ्याचा जबडा त्यात बांधला आणि भीमाला म्हणाल्या, "नगरला घे. थांबू नको कुटं."

नगरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जबडा तारांनी आवळून टाकला. तासतासभर बोलणारा माणूस नळीने दूध पीत पडला. प्रवीण मोटारसायकलवर आला तो दारातूनच बोलत आला.

"तरी मी त्या टायवाल्याला म्हनत हुतो, बग बाबा नीट..."

"काय म्हनत हुतास?" आत्याबाईंनी विचारलं.

तो खिशात चावी शोधायला लागला. मग मीच सांगितलं, टायवाला काय म्हणाला आणि हा काय म्हणाला ते. खाटेवरून मामंजी डोळे फाडून ऐकत होते. त्यांना बोलता येत नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाचं तरी पूर्ण ऐकून घ्यावं लागत होतं.

"म्हंजे तुला ठावं हुतं," आत्याबाई लेकाला म्हणाल्या. "बायकूला बसवत हुतास. ती बसली न्हाई तं बापाला बसीवलंस. वर दार लावून दिलंस."

"मला वाटलं काय हुनार न्हाई."

"मंग तू का न्हाई बसलास?"

त्याने चपला घातल्या. बाहेर औषध आणायचं काम निघालं.

मी त्याच दिवशी वडिलांबरोबर एसटीने काष्टीला गेले. मुलगी झाली. मामंजींचा जबडा जुळला, गालावर व्रण राहिला, आणि पहिले शब्द फुटले तेव्हा ते ओट्यावरच फुटले: देवाने सुनेवरचं संकट आपल्यावर घेतलं, आपण ते सोसलं. लोकांनी माना डोलवल्या. शोरूमने या वेळी गाडी ठेवून घेतली, बॅग बदलली, आणि मग मामंजींनी सुताराला पुन्हा बोलावलं. आत्याबाईंनी देव द्यायला नकार दिला. त्यांनी तो देव्हाऱ्यात ठेवला होता, तिथून हलू दिला नाही. तेवढंच त्या घरात कुणीतरी शहाणपणाचं केलं.

मुलगी सव्वा महिन्याची झाली आणि प्रवीण आम्हाला न्यायला आला. तीच गाडी, भीमाच चालवत होता. काचेवर नवं स्टिकर. प्रवीण मुलीचं टोपडं नीट करत म्हणाला, "आता खरंच बदललीय. मी सोता उभं ऱ्हाऊन बदलून घेतली. तुझी शप्पथ." आणि माझ्यासाठी पुढचं दार उघडून धरलं.

मी आत बघितलं. झाकण नवं होतं, कोरं, देव नव्हता. मला वाटतं, खरंच बदलली असावी.

"बरं झालं," मी म्हटलं. "मग तुम्ही बसा पुढं. मी हिला घेऊन मागं बसते."

तो दाराला हात लावून उभा राहिला. सीटकडे बघितलं, झाकणाकडे बघितलं. माझे वडील ओट्यावरून बघत होते.

"नको," तो म्हणाला, "मी बी मागंच बसतो तुमच्यासंगं."

मी मुलीचं टोपडं सोडलं, तिला खांद्यावर घेतलं आणि घरात परत गेले.