रडवा आवाज

"तुमच्या आई बऱ्या आहेत, उद्या त्यांना घरी न्या," एवढंच ताईंना सांगायचं होतं. पण फोनच्या पलीकडचा माणूस धाय मोकलून रडू लागला.

त्याचा तरी काय दोष? ताईंचा आवाजच तसा यायचा. हुंदका दाटून आल्यासारखा शब्द मध्येच आवळायचा, तुटायचा, मग जोर लावून बाहेर पडायचा. ऐकणाऱ्याला वाटे, बाई आता वाईट बातमी सांगणार. आणि शस्त्रक्रिया झाली की नातेवाइकांना फोन करून खुशाली कळवणं, हेच तर इस्पितळात ताईंचं काम होतं! गेले वर्षभर त्यांनी कळवलेली खुशाली ऐकून लोक रडत इस्पितळ गाठत होते.

इस्पितळाच्या साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. "बाई, मन घट्ट करा. घरचं दुःख घरी ठेवा. महिनाभरात फरक पडला नाही तर मला दुसरं माणूस बघावं लागेल."

घरचं दुःख! ताईंना दुःख होतं ते एवढंच, की आपल्याला दुःख नाही हे कुणी मानायलाच तयार नाही. शेजारणी त्यांच्या नवऱ्याकडे संशयानं बघत. फ्रिज दुरुस्त करणारा तो साधा माणूस वैतागून जाई. "अगं, ठरवलंस तर नीट बोलशील. उगाच नाटकं नकोत," हा त्याचा एकच धोशा.

शेवटी ताई इस्पितळातल्याच घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. बाईंनी त्यांना बोलायला लावलं, कुजबुजायला लावलं, मग काहीतरी गमतीचं सांगून हसवलं. हसू अगदी खणखणीत! बाईंनी नळी घालून स्वरयंत्र पाहिलं आणि म्हणाल्या, "तुम्ही मनानं कमकुवत नाही. बोलताना इथले स्नायू आपोआप आवळले जातात. त्यांत थोडंसं बोटॉक्स टोचलं की ते सैलावतात. आजार जात नाही, पण काही महिने आराम पडतो. मग पुन्हा टोचायचं."

नवऱ्यानं नाव ऐकून कपाळावर हात मारला. "ते सुरकुत्यांचं? आक्का घेते ते?" आपल्या थोरल्या बहिणीच्या गुळगुळीत कपाळाला तो 'इस्त्री' म्हणून चिडवत असे. "आणि ते विष आहे म्हणे! खराब झालेल्या डबाबंद अन्नात तयार होतं, माणूस लुळा पडून मरतो. घरात लेकरू आहे, तुझ्या गळ्यात विष घालू देऊ?"

त्याच्या रागात भीतीच जास्त होती. ताईंनी विषय तिथंच सोडला. भांडायलाही आवाज लागतो.

त्याच आठवड्यात त्यांच्या लेकीच्या टॉन्सिलची शस्त्रक्रिया होती. दुपारी व्हायची ती सकाळीच उरकली. ताईंनी लगेच नवऱ्याला फोन लावला. तो एका हॉटेलात, मोठ्या फ्रिजच्या मागे आडवा होऊन काम करत होता.

"अहो, आपली चिमी..." आवाज आवळला, तुटला.

पुढचं त्यानं ऐकलंच नाही! हत्यारं तिथंच टाकून, हात काळे तसेच, तो धावत सुटला. इस्पितळाचे जिने तो कसा चढला, त्याचं त्यालाच ठाऊक.

खाटेवर चिमी शांत झोपली होती. ताई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

"बरी आहे, हेच सांगत होते," ताई त्याच रडव्या आवाजात म्हणाल्या.

तो खाटेशेजारी बसला आणि लहान मुलासारखा रडला.

डॉक्टरीणबाई तपासायला आल्या, तेव्हा तो म्हणाला, "वर्षभर हिला नाटकी म्हणत आलो. सगळं माहीत असून मीच हादरलो, मग परक्या माणसांचं काय होत असेल! पण बाई, माझी बहीण सुरकुत्यांसाठी टोचून घेते ते विष..."

"विषच आहे, खोटं कशाला सांगू? पण किती, कुठं आणि कुणाच्या हातानं, यावर सगळं आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर आवळलेली मूठ याच औषधानं सैल होते, आपोआप मिटणारे डोळे उघडे राहतात. तुमच्या बहिणीला सुरकुत्या नको असतील तर तो तिचा प्रश्न. फक्त स्वस्तात मिळतं म्हणून कुणाकडूनही टोचून घेऊ नये. ताईंचा आवाज आधी काही दिवस बसेल, पाणी पिताना ठसका लागेल. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर तडक इथं या. भीती वाटली तर विचारा, हजारदा विचारा. पण नाव ऐकून हसू नका!"

बाई स्वतः साहेबांशीही बोलल्या. साहेब खजील झाले आणि त्यांनी मुदत मागे घेतली.

नवराच ताईंना सुईसाठी घेऊन गेला. सुई टोचल्यावर त्यांचा आवाज बसला. नवरा रोज धास्तावून त्यांच्या तोंडाकडे बघे. मग एका सकाळी त्या कडाडल्या, "अहो, ओला टॉवेल पलंगावर टाकू नका म्हणून किती वेळा सांगायचं?"

एकही शब्द तुटला नव्हता! तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले. "आणखी बोल," तो म्हणाला.

वाचकहो, कुणाचा आवाज कापतो, कुणाची मान वाकडी होते, कुणाचा डोळा लवत राहतो. आपण त्याला नाटक म्हणतो, आणि उपचाराला निघालेल्या माणसाला नट्टापट्टा सुचतो म्हणून हसतो. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं. पण दुसऱ्याचं कळायला आपलं जळेपर्यंत थांबायचं का?