हुना कुठे आहे?

"बाकी सगळं पटलं मला," ओस्लाक म्हणाला. "तुमचा देव एकटा आहे, त्याला घोड्याचा बळी लागत नाही. ठीक आहे. आमच्या देवाला, वोडनला, मी जन्मभर घोडे दिले, त्यानं माझं काय राखलं? पण सेवारे, तुझ्या या बाबांना एवढं विचार. माझी हुना कुठे आहे?"

दालनात बाकांवर बसलेल्या माणसांनी माना खाली घातल्या. गावच्या प्रमुखाची, ओस्लाकची, ही एकुलती एक लेक वाम मासे धरायच्या टोपल्या काढायला दलदलीत गेली आणि पातळ झालेल्या बर्फाखाली बुडाली. तिला बाहेर काढणारे हात याच दालनात होते.

सेवारा मूळची याच गावची. तरुणपणी लुटारूंनी तिला पळवून पश्चिमेच्या समुद्रापार आयर्लंडात विकलं होतं. तिथल्या एका जमीनदाराच्या जात्यावर ती राबली. पुढे मठातल्या साधूंनी तिला सोडवलं. त्यांच्यातलाच एक, ब्रेकान, आता बिशप होऊन सॅक्सन लोकांत धर्म सांगायला आला होता. त्याला इथल्या भाषेतले भाकरी, पाणी, देव असे चार शब्द येत. तो जे बोले ते लोकांना सेवाराच्या तोंडून ऐकू येई.

तिनं प्रश्न आयरिश भाषेत त्याच्यापुढे ठेवला. ब्रेकाननं डोळे मिटले.

"त्याला सांग, बाप्तिस्म्याशिवाय गेलेल्यांना स्वर्गाचं दार उघडत नाही. मला फार वाईट वाटतं. पण खोटं सांगून मी कुणाला पाण्यात उतरवणार नाही."

हेच शब्द सेवारानं आधी एकदा ऐकले होते, जमीनदाराच्या गोठ्यात. तेव्हा तिच्या मांडीवर शालीत गुंडाळलेलं तिचं स्वतःचं मूल होतं. ते गार पडलं होतं, आणि त्याच्या कपाळावर पाणी घालायला ब्रेकान उशिरा पोचला होता.

ती ओस्लाककडे वळली. "बाबा म्हणतात, हुना देवापाशी आहे. तुझी वाट बघतेय."

तो धिप्पाड माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. एवढं कठोर ऐकूनही हा देवाला नाकारत नाही, असं वाटून ब्रेकानचेही डोळे भरून आले.

ईस्टरला ओस्लाक बाप्तिस्म्यासाठी नदीत उतरला आणि त्याच्या मागोमाग गाव उतरलं. "अगं आई गं, केवढं गार!" तो ओरडला. "सेवारे, तुझ्या देवाला जरा उन्हाळ्यात यायला काय झालं होतं?" काठावरच्या बायका हसून हसून वाकल्या. मग त्यानं स्वतः ओक तोडून प्रार्थनाघर उभं केलं. संध्याकाळी तो दारात बसून हुनाच्या गोष्टी सांगायचा, अगदी ती मावशीकडे राहायला गेली असावी तशा. ते ऐकताना सेवाराला आपण केलेल्याचं काही वाटत नसे.

पण ब्रेकान गप्प बसणारा नव्हता. तो कोळ्यांशी बोले, पोरांकडून भाषेतल्या चुका सुधारून घेई. पानगळ सुरू झाली तेव्हा तो ओस्लाकबरोबर प्रार्थनाघराचं छप्पर शाकारत होता. ओस्लाकनं सहज विचारलं, "बाबा, हुना ओळखेल ना मला? दाढी सगळी पांढरी झाली माझी."

या वेळी ब्रेकानला शब्द न् शब्द कळला. तो शिडी उतरून थेट सेवाराकडे आला. ती दळत होती.

"त्या दिवशी तू त्याला काय सांगितलंस?"

तिनं जातं थांबवलं. "तुम्ही बोललात ते नाही सांगितलं. माझ्या लेकाच्या वेळी तुमच्या भाषेत ते ऐकलं आणि सोसलं. माझ्या आईच्या भाषेत ते शब्द मला बोलवेनात."

"सेवारा..."

"तुम्ही काय तिथं जाऊन बघून आलात?"

"नाही," तो म्हणाला. "मला शिकवलं तेच मी सांगतो."

"मग राहू द्या ना. म्हातारा सुखात आहे."

"तो माझ्या शब्दावर पाण्यात उतरला. आणि तो शब्द माझा नव्हता." ब्रेकान दाराकडे वळला. "चल माझ्याबरोबर. हळुवारपणे सांगू त्याला."

"मी नाही येणार. आता येते ना तुम्हाला भाषा? तुम्हीच सांगा."

तरी ती त्याच्या मागून गेलीच, आणि दारात थांबली. ब्रेकान ओस्लाकसमोर उभा राहिला. "हुना तिथे नाही," तो म्हणाला. "पाणी नाही मिळालं. म्हणून नाही." त्याच्यापाशी एवढेच शब्द होते. त्याच्या मनातली माया त्या शब्दांत कुठेच उतरली नाही. ती सेवाराला उतरवता आली असती. ती गप्प उभी राहिली, आणि ते तिला पुढे जन्मभर डाचलं.

ओस्लाकनं तिच्याकडे पाहिलं. "खरं का गं?"

तिनं होय म्हणून मान हलवली.

त्यानं गळ्यातला क्रूस काढून अलगद बाकावर ठेवला. "तुमचा देव वाईट आहे असं मी म्हणत नाही, बाबा. पण लेकरू अंधारात आणि मी उजेडात बसून जेवू? मला नाही जमायचं. ती असेल तिथं मी जाईन." मग तो सेवाराला म्हणाला, "तुझ्यावर रागवावं म्हणतो, पण राग येत नाही. या उन्हाळ्यात मला झोप लागली, बघ."

त्यानं प्रार्थनाघराला हात लावला नाही. कुणाला जायचं त्यानं जावं, म्हणाला. पण लोक एकेक करून यायचे थांबले.

हिवाळ्यात तापाची साथ आली आणि ओस्लाकनं अंथरूण धरलं. सेवारा त्याच्या उशाशी होती. मरणाऱ्याला द्यायची प्रसादाची भाकर घेऊन आलेला ब्रेकान बाहेर बर्फात उभा होता.

"घे त्याला आत, गारठेल बिचारा," ओस्लाक पुटपुटला. "पण त्याच्याजवळचं काही नको मला."

ब्रेकाननं भाकर झग्यात ठेवून दिली. तो ओस्लाकचा हात धरून बसला आणि देवाचं नावही त्यानं काढलं नाही. उजाडताना ओस्लाक गेला.

त्याला हुनाशेजारी, भाल्यासकट, जुन्या रीतीनं पुरलं. ब्रेकान जरा लांब उभा होता. एखादी तरी प्रार्थना म्हणेल म्हणून सेवारानं त्याच्याकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण देवाला सोडून मेलेल्यासाठी त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. शेवटी तो पुढे आला, एकाच्या हातातलं फावडं घेऊन इतरांबरोबर माती लोटू लागला. त्याला कुणी अडवलं नाही.

ब्रेकान त्याच गावात राहिला. सेवारानं पुन्हा कधी त्याचं बोलणं लोकांना सांगितलं नाही. ती ओस्लाकच्या बहिणीकडे राहून वाम सुकवायची. रविवारी मात्र प्रार्थनाघरात मागच्या बाकावर येऊन बसायची. तो आपल्या मोडक्यातोडक्या सॅक्सनमध्ये बोलायचा, आणि बहुतेक वेळा ऐकायला ती एकटीच असायची.