लिव्ह आणि लीव्ह

आपल्याला इंग्रजी येतं, असं आबांचं ठाम मत आहे. हवालदार म्हणून फौजेतून निवृत्त झाले, तेव्हापासून लीव्ह, ड्यूटी, फॉल-इन एवढ्या भांडवलावर ते पलूसच्या बाजारात भल्याभल्यांना गप्प करतात. मी शाळेत इंग्रजी शिकवते, पण घरात माझं इंग्रजी कोण विचारतो?

माझा धाकटा भाऊ ऋषिराजही फौजेत. काविळीमुळे त्याला युनिटने केरळातल्या एका खाजगी दवाखान्यात ठेवलं होतं. आई जायचं म्हणत होती. आबा म्हणाले, सुट्टी मिळाली की तोच येईल.

त्या दिवशी शाळेतून आले, तर आबांचा पारा चढलेला.

"दवाखान्यातनं फोन आलता. पोराला लीव्ह न्हाई म्हनं! आजारी मानसाला सुट्टी न्हाई? लय झापली म्या त्या डॉक्टरनीला. सॉरी म्हनली, तवा ठेवला."

"आबा, ती नेमकं काय बोलली?"

"ही विल नॉट लीव्ह."

"लिव्ह का लीव्ह?"

"त्येच की! लीव्ह."

ऱ्हस्व-दीर्घाची फिकीर आमच्याकडे बोलताना कुणी करत नाही. वर्गात मी याच जोडीवरून पोरांची टर उडवते. एकात माणूस जगतो रे, दुसऱ्यात निघून जातो! आबांकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. दर वेळी मधलंच काहीतरी. मला त्यांचा भयंकर राग आला.

त्याच नंबरवर फोन लावला. आई म्हणाली, "स्पीकरवर लाव गं, आमाला बी ऐकू दी."

मी बहीण बोलतेय म्हटल्यावर ती बाई हळू आवाजात म्हणाली, "आय ॲम सो सॉरी. ही लेफ्ट अस ॲट फोर."

आबांनी मांडीवर थाप मारली. "लेफ्ट! चारलाच निघाला बघ! म्या झापली म्हून सोडला."

इंग्रजी राहू दे, मराठीत तरी सांगावं.

"आबा, ऋषी गेला."

"त्येच म्हनतोय की मी," आबा हसत म्हणाले. "ठेसनावर गेला आसंल आता."

आई मात्र माझ्या तोंडाकडे बघत मटकन खाली बसली.