चुलीपुढची खिडकी

विजयसिंहांनी पट्टी लावून वर्षाराणीच्या मॉडेलमधली खिडकी मोजली आणि पट्टी टेबलावर टाकली.

"ही जमिनीला टेकलीय. खिडकी आहे का मोरी?"

वर्गात हशा पिकला. संयोगिता मॅडम हसल्या नाहीत. सकाळपासून उभं राहून पाय भरून आले होते, आणि कुणाची बाजू घ्यायचं त्राण उरलं नव्हतं. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला त्या दरवर्षी एकच गोष्ट वाचून दाखवायच्या आणि त्यातलं घर करायला सांगायच्या. गोष्ट साधी. मुलगा यायचा असतो, आई भाकरी करत असते, रस्त्यावर गाडी वाजली की तवा सोडून दाराशी धावते. मुलगा काही येत नाही. पोरं मात्र दरवर्षी तोच काचेचा बंगला करून आणायची, पुढं पोर्च. 'हे गोष्टींचं खूळ आता पुरे,' असं विभागप्रमुख विजयसिंह यंदाही म्हणाले, आणि इतकी वर्षं भांडून दमलेल्या मॅडमनी आज सकाळी मान डोलावली होती.

"चूक हाय व्हय, सर?" गारगोटीहून आलेली वर्षाराणी म्हणाली. "बाई चुलीपुढं बसलीय की. उभ्या माणसाच्या खिडकीतनं तिला नुसतं आभाळच दिसणार. हितनं रस्ता दिसतोय. सारखं उठाय नको."

"अगं, ती उठते म्हणून तर गोष्ट आहे. खिडकी दिलीस की गोष्टच संपली."

"संपू दे की, सर. पाय दुखत असत्याल तिचं."

या वेळी कुणी हसलं नाही. विजयसिंहांनी पुढच्या मुलाला हाक मारली.

संध्याकाळी वर्ग रिकामा झाला. मॉडेलं टेबलांवरच होती.

"मॅडम, सकाळी ठरलं तसंच ना?" विजयसिंहांनी विचारलं. "पुढच्या वर्षीपासून गोष्ट बंद."

मॅडमनी पदर खोचला आणि टेबलाला धरून त्या फरशीवर बसल्या. नजर बरोबर वर्षाराणीच्या मॉडेलच्या पातळीला आली. घराची मागची बाजू उघडी होती. आत मातीची इवली चूल, तिच्यापुढं ती खिडकी, आणि खिडकीतून पार वळणापर्यंत पुठ्ठ्याचा रस्ता. इतकी वर्षं त्यांनी ही गोष्ट आवाज चढवून-उतरवून वाचली होती. त्या बाईला जरा बसू द्यावं, हे एकदाही सुचलं नव्हतं.

"विजय, खाली बस."

"मॅडम, मीटिंग आहे."

"बस म्हणते ना. माझ्याच वर्गात तूही हे घर केलं होतंस."

"दुमजली केलं होतं," विजयसिंह ओशाळून म्हणाले. पँट गुडघ्यांवर ओढून ते शेजारी बसले आणि मान तिरकी करून बराच वेळ बघत राहिले. रस्ता रिकामा होता.

"पुढच्या वर्षी कुठली गोष्ट देणार?" त्यांनी विचारलं. "ही तर संपली."