मॅडमच्या डाव्या हाताला

नोएला ब्यूट आमच्या बेटाची नायब राज्यपाल झाली आणि माझा नवरा दर शनिवारी तिच्या डाव्या हाताला उभा राहू लागला. ड्यूगल नौदलाच्या राखीव दलातला. बिनपगारी एडीसीचं, म्हणजे राज्यपालांच्या गणवेशधारी मदतनिसाचं, हे काम त्यानं हौसेनं घेतलं. समोर येणाऱ्याचं नाव विचारायचं आणि तिच्या कानात सांगायचं.

नोएला वकील होती तेव्हा मी तिची ज्युनियर होते. शेवंडांच्या सापळ्यांवरून भांडणारे कोळी तिच्यापुढे मांजरासारखे बसायचे. मग ती राजाची प्रतिनिधी झाली आणि मी आमच्या लहानग्या लेकीच्या, आयोनाच्या, छातीतली घरघर ऐकत घरी बसले.

"या पदामुळे मॅडमना आता कशावरच मत मांडता येत नाही गं," ड्यूगल कळवळून सांगायचा.

"आणि मला कोण विचारतंय?"

नववर्षाच्या दिवशी अख्खं गाव तिच्याशी हस्तांदोलन करायला रांग लावतं. आयोना रात्रभर खोकत होती, तरी हा सकाळीच गणवेश चढवून गेला. मीही तिला गुंडाळलं आणि रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या एका शब्दावर तो घरी येतो का, एवढंच मला बघायचं होतं.

"नवऱ्याला भेटायला रांग?" पुढची एफी आजी खिदळली. "आमचे गुत्त्यात सापडायचे, बिनरांगेचे!"

माझा नंबर आला. ड्यूगलची नजर मागच्या गर्दीवर होती. तो अदबीनं झुकला. "आपलं नाव?"

"तुझ्याच बिछान्यात झोपते मी."

आजी फसकन हसली. त्याचे कान लाल झाले. "मोरा! या थंडीत हिला कशाला आणलंस?"

"खोकतेय ती. घरी चल."

"रांग बघ ना किती आहे. अर्धा तास थांब..."

नोएलानं ऐकलं होतं. तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला. "मोरा, तुझ्यासारखी टिपणं मला पुन्हा कुणी काढून दिली नाहीत." घरून ठरवून आणलेला माझा तुटकपणा वाया गेला. मग ती त्याच्याकडे वळली. "ड्यूगल, जा. नावं मी विचारीन."

"येस, युवर ऑनर." त्यानं लगेच आयोनाला माझ्याकडून घेतलं.

गाडीत आयोना मागच्या सीटवर झोपून गेली. नवरा शेजारी होता, मला हवा होता तसा.

"किती समजूतदार आहेत ना मॅडम?"

"मी म्हटलं तेव्हा का नाही हललास?"

"अगं, पण त्यांनी सांगितलं ना," तो म्हणाला. अगदी सरळ मनानं.