शिकारी सरकारांची नळी

हिवरखेडच्या अलीकडच्या एका गावात मारुतीच्या पारापुढं नुसती रेटारेटी चालली होती. बोंडअळीनं लागोपाठ दुसऱ्या साली कपाशी खाल्ली होती, आणि अळी कोणामुळं आली ते सांगणारा महाराज गावात उतरला होता.

त्याच्याजवळ मूर्ती नव्हती, तैलचित्र होतं. कुण्या जुन्या जहागीरदाराचं. डोक्याला फेटा, गुडघ्यापर्यंत बूट, पायाशी मेलेलं काळवीट आणि हातातली बंदूक सरळ समोर रोखलेली.

"सरकार गेले, पन त्याईची शिकार सुटली नाई!" महाराज गरजला. "पाप्यावर बंदुकीची नळी आपोआप फिरते. एकेकानं आत जा. अंगावर आली तर कबूल करा, नाहीतर सरकार घोडा दाबतीन!"

मेलेल्या माणसाला घोडा दाबायला एवढी वर्षं कशी लागली, हे कोणीच विचारलं नाही. एकेक जण देवळामागच्या खोलीत जाई, घाम पुसत बाहेर येई आणि म्हणे, "माह्यावर नाई."

गंगूबाईचा दीर खुशालराव तसंच म्हणाला. मग विधवा गंगूबाई आत गेली. चित्रावरचा पडदा सरला आणि नळी थेट तिच्या छातीवर. ती डावीकडं सरकली, नळी डावीकडं. कोपऱ्यात गेली, नळी कोपऱ्यात. सासू मेली तेव्हा आपल्याला मनातून सुटल्यासारखं वाटलं होतं, ते तिला आठवलं. देवाच्या दारात खोटं बोलायची तिची छाती झाली नाही.

"माह्यावरच हाय जी," ती बाहेर येऊन म्हणाली.

सगळ्यात आधी तिचे केस धरले ते खुशालरावानंच. कालपर्यंत तिच्यासोबत शेतात निंदायला बसणाऱ्या बायांनी दंड धरले. मेंढ्यांच्या कातरीनं डोकं भादरलं, तोंडाला काळं फासलं, मनगट पिरगाळून मोडलं. गंगूबाई ओरडली, पण प्रतिकार केला नाही. सगळ्यात वाईट हे, की तिला ते पटत होतं.

गावाबाहेरच्या फाट्यावर बसलेली गंगूबाई इफ्फत मॅडमला दिसली. इफ्फत हिवरखेडच्या शाळेत चित्रकला शिकवायची. तिनं आधी गंगूबाईचा हात दवाखान्यातून बांधून आणला, मग सगळं ऐकून घेतलं.

"काकू, तुमी सरकल्या तरी नळी मागं आली?"

"आली वं माय."

दुसऱ्या दिवशी इफ्फत पोलीस शिपायाला घेऊन गंगूबाईसह गावात आली.

"चित्र बाहेर पारावर आना," ती म्हणाली.

"परधर्माची बाई! सरकार कोपतीन!" महाराज ओरडला.

"नळीले धर्म समजते का हो, महाराज?"

शिपायानं चित्र उचलून पारावर ठेवलं. पडदा ओढला तसा अख्खा जमाव एकदम खाली वाकला. डावीकडचे उजवीकडं पळाले, उजवीकडचे त्यांच्यावर आदळले. प्रत्येकाला नळी आपल्यावरच दिसत होती.

इफ्फतनं कोळशानं भिंतीवर समोर पाहणारा चेहरा काढला. "कुठूनही पाहा. हा बी तुमच्याकडंच पाहून राहिला. खरी बंदूक बाजूनं पाहिली तर तिची बाजू दिसते. चित्र सपाट असते. रंगवणाऱ्यानं नळीचं तोंड समोर रंगवलं, म्हणून कुठंही उभे राहा, तोंडच दिसते. एवढीच जादू आहे."

लोकांनी जागा बदलून बदलून तो चेहरा पाहिला.

"म्हंजे तुमाले बी दिसली होती?" गंगूबाईनं विचारलं. "भाऊजी, तुमाले बी?"

खुशालराव एकाएकी महाराजावर धावला. "भादरा याले! मारा!" आणि कालचेच हात पुन्हा वर झाले.

"थांबा!" गंगूबाई ओरडली. "आता त्याले मारून सुटून राहिले का तुमी?"

शिपायानं महाराजाला गाडीत घातलं, गंगूबाईचं डोकं भादरणाऱ्यांचीही नावं लिहून घेतली. गंगूबाई अकोटला भावाकडं निघून गेली. मनगट वाकडंच जुळलं.

महाराजाचा धंदा चित्रावर चालत नव्हता, गावाच्या मुकेपणावर चालत होता. शेजाऱ्याला "तुले काय दिसलं?" एवढं एकानं जरी विचारलं असतं, तरी ते दुकान त्याच दुपारी बसलं असतं. म्हणून चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी जागा बदलून पाहा. आणि जे दिसलं ते मोठ्यानं सांगा. दुसऱ्या कुणाचं डोकं भादरलं जाण्याआधी सांगा.