काठाला पोचा पडलेली पितळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी आहे. जुनी म्हणून नाक मुरडू नका. सांगलीच्या तांबटाने मला ठोकून खोलगट केले आणि काठावर 'सयाजी' असे नाव कोरले. फौजेतल्या पहिल्या पगारातून सयाजीने मला आपल्या गावी, कुंडलला आणले. सुट्टीवर आला की तो माझ्यातच भाकरी कुस्करायचा आणि वर आमटी ओतून घ्यायचा. घरात माझा मोठा रुबाब होता.

एकाहत्तरच्या लढाईनंतर सयाजी कायमचा घरी आला. जवळ कुणी नसले तरी त्याच्या कानात कुणीतरी सारखे बोलत असे. मिरजेच्या दवाखान्यातून तो दोनदा बरा होऊन आला आणि दोनदा घरी पुन्हा बिघडला. औषध तर चालू होते. मग बिघडत कुठे होते? ते माझ्यासमोरच घडत होते. तो जेवायला बसला की वडील आकारामतात्या सुरू होत. गडी असून बायकोच्या जिवावर बसलाय, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही. आई साळूबाईची माया मोठी, पण ती रडत रडत त्याची भाकरी स्वतःच कुस्करून द्यायची, पाणीसुद्धा हाताने पाजायची. एके दिवशी त्याने मला भिंतीवर भिरकावले. माझा पोचा तेव्हाचा. मग मी फळीवर गेले आणि त्याला सोप्यात एकट्याला जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, थाळी मिळू लागली.

त्याची बायको विजयमाला डॉक्टरांना भेटून आली. गोळ्या चुकवू नका, त्याला घालूनपाडून बोलू नका आणि तळहातावरही झेलू नका, असे त्यांनी बजावले होते. तिने मला कल्हई करून आणली आणि सयाजीचे पान सगळ्यांच्या ओळीत मांडले. तात्यांनी तोंड उघडलेच.

पदर सावरून विजयमाला म्हणाली, "मामा, दावणीला बैल वैरण खात असला की तुमी त्याच्यावर आवाजसुदीक चढवत न्हाई. ह्यास्नी बी चार घास सुखानं खाऊ द्या."

तात्यांचा घास हातातच राहिला. बैलांबाबतचा हा नियम मोडला म्हणून त्यांनी एकदा गड्याला कामावरून काढले होते. साळूबाईचा हात माझ्याकडे आला, तर विजयमालाने हळूच सांगितले, "आत्ती, ऱ्हाऊ द्या. त्यांचं ते कुस्करतील."

सयाजीने भाकरी कुस्करली. वर आमटी ओतून घेताना ती जमिनीवर सांडली. तात्या आपला घास खात राहिले आणि साळूबाईने हात मागेच ठेवला. आजवर माझ्यात किती जेवणे झाली, पण मला अभिमान आहे तो त्या सांडलेल्या जेवणाचा.

सवयी काही एका दिवसात जात नाहीत. तात्या तोंड उघडत आणि घास घालून मिटत. सयाजीच्या गोळ्या अजून चालू आहेत, पण त्याला पुन्हा दवाखान्यात ठेवावे लागले नाही. उसाला पाणी आता तोच पाजतो.

पुढे घरात स्टील आले. साळूबाईने मोडीसाठी जुनी भांडी अंगणात काढली, त्यांत मीही होते. तात्या सोप्यातून उठून आले आणि मला उचलून म्हणाले, "ही न्हाई द्यायची. माझ्या पोराची पितळी हाय ती."

मित्रांनो, आम्हा भांड्यांना राखेने जरूर घासा. पण घरात कुणाचे मन आजारी असेल, तर त्याच्या जेवणात टोमणे वाढू नका आणि त्याच्या हातचा घासही काढून घेऊ नका. माझा पोचा काढून देतो, असे पुढे एकदा तांबट म्हणाला. तात्यांनीच नको म्हटले. रोज जेवायला बसताना तो पोचा त्यांना दिसायला हवा होता.